सुईवर ढकललेलं पाप

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘पोटातल्या जिस्ट गाठीला सुई लावू देऊ नका, कॅन्सर अंगभर पसरतो. केमोने फक्त हाल होतात. ऑपरेशननंतरच्या गोळ्या म्हणजे डॉक्टरांचं दुकान.’ खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. जिस्ट म्हणजे जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत होणारी एक प्रकारची कॅन्सरची गाठ. नौपाड्यातली माझी मावशी यातूनच जातेय, म्हणून गप्प बसवत नाही.

सुईचं, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा कण काढण्याचं, बायोप्सीचं आधी घेऊ, कारण त्यात चिमूटभर तथ्य आहे. ही गाठ ठिसूळ असते. पोटात फुटली तर आजार उलटण्याचा धोका खरंच वाढतो, म्हणून सर्जन ती न चेपता अखंड काढतात. पण जठरातल्या गाठीसाठी सुई सहसा तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून, सोनोग्राफीत बघत, जठराच्या आतूनच जाते. पोटाच्या पोकळीत काही सांडण्याची शक्यता त्यामुळे फार कमी. छोटी, सहज निघणारी गाठ असेल तर बायोप्सीशिवायही ऑपरेशन करतात. मोठी गाठ आधी गोळीने आकसवायची असेल, तर मात्र ती जिस्टच आहे हे कळायलाच हवं. मावशीच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘सीडी ११७ पॉझिटिव्ह’ आलं, म्हणजे जिस्टची ओळख पटवणारं प्रथिन पेशींवर सापडलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्याआधी सहा महिने ती रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या घेत होती, आणि शौचाला काळी होतेय ती त्यांच्यामुळेच, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. गाठीतून रक्त जात होतं. उशीर झाला तो तिथे, सुईमुळे नव्हे.

केमोचं थोडक्यात. नेहमीच्या केमोला जिस्ट फारशी दाद देतच नाही. बहुतेक गाठींत किट नावाच्या जनुकात बिघाड असतो, आणि त्यामुळे पेशींना वाढायला सांगणारं बटण चालूच राहतं. इमॅटिनिबची गोळी ते दाबून धरते. काही मोजक्या बिघाडांवर ती चालत नाही, म्हणून जनुक तपासणी.

आता दुकान. गाठीचा आकार, जागा आणि पेशी किती झपाट्याने विभागतात, यावर धोका ठरतो. कमी असेल तर गोळी देतच नाहीत. जास्त असेल तर साधारण तीन वर्षं, कारण एक वर्ष घेणाऱ्यांपेक्षा तीन वर्षं घेणारे जास्त जगले, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. आणि दुकानच म्हणायचं, तर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली.

मावशी पोहे खाऊन, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर ४०० मिलिग्रॅमची गोळी घेते. सकाळी डोळे सुजतात, पोटऱ्यांत गोळे येतात. तो मेसेज तिलाही आला होता. तिने मला फोन करून एवढंच विचारलं, ‘गोळी बंद नाही ना करायची?’