‘लोकांचे टायर फोडायला निघालात का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती व्हॅनच्या कॅम्परचं अ‍ॅव्हरेज कसं वाढवावं, या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “मागच्या टायरात चार पौंड जास्त हवा? नागपूरच्या मे महिन्यात? लोकांचे टायर फोडायला निघालात का? बाकी पॉइंट, चोक सगळं पुस्तकी. आणि अ‍ॅव्हरेज किती वाढलं तो आकडा कुठाय?” सुरुवात ‘भाऊ’नं आणि शेवट ‘पुस्तकी मेकॅनिक’नं. शंका जरूर विचारा, पण हा सूर बर्डीच्या पानठेल्यावर शोभतो.

एक गोष्ट मान्य. ‘थंड टायर’, म्हणजे हवा गाडी चालवण्याआधी मोजायची, हे शब्द दुसऱ्या परिच्छेदात होते, पहिल्यात हवे होते. तेवढे खाली वाचले असते तर बरं झालं असतं.

आता हवेचं. टायर तापतो तो मुख्यतः बाजू दबून-उघडून. हवा कमी असली की बाजू जास्त दबते, जास्त तापते आणि तिथूनच फाटते. कॅम्परमध्ये पलंग, शेगडी आणि 60 लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचेच 60 किलो, सगळं मागच्या धुरीवर. म्हणून मागे जास्त हवा. तीही टायरच्या बाजूला छापलेल्या कमाल आकड्याच्या आत, आणि तो आकडा थंड टायरचाच असतो.

हिशेब करून बघा. पहाटे 28 अंशांना 36 पौंड भरली. दुपारी टायरातली हवा 60 अंशांवर गेली की काटा 41 च्या आसपास जाणार. ही वाढ टायर बनवणाऱ्यानं धरलेलीच असते. पण लोक बुटीबोरीला थांबून घाबरतात आणि ‘गरम झाला’ म्हणून हवा काढून परत 36 करतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर 31 वर. वजन तेवढंच, हवा पाच पौंड कमी. समृद्धी महामार्गाचं काँक्रीट आणि तासन् तास एकच वेग, त्यात असा टायर घालून बघा म्हणजे कोण फोडतंय ते कळेल.

पॉइंट ‘पुस्तकी’? बावीस वर्षं ही 796 सीसीची गाडी हाताखाली आहे, राजेहो. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे दोन संपर्क. त्यांच्यातला गॅप 0.4 ते 0.5 मिलिमीटर, आधी गॅप आणि मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, कारण गॅप हलला की टायमिंग हलतं. थंड इंजिन सुरू करताना ओढतो ती चोकची घुंडी पूर्ण आत ढकलूनही कार्बोरेटरची पाती उभी राहत नसेल, तर केबल ताणलेली आहे. मग पेट्रोल जास्त जाणारच. मागची चाकं जॅकवर घेऊन हातानं फिरवा. अडकत असतील तर ब्रेक शू घासतायत, आधी ते सोडवा.

आकडा? टाकी काठोकाठ ते काठोकाठ, त्याच पंपावर, किलोमीटरच्या दगडांशी मीटर पडताळून तुम्हीच काढा. 80 ऐवजी 60 नं चालवा. या डब्याला 80 वर वाऱ्याचा अडथळा जवळपास पावणेदोन पट असतो. माझा आकडा तुमच्या गाडीला लागू होणार नाही, म्हणून दिला नाही.

पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी मागच्या टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. 2316 म्हणजे 2016 सालचा 23 वा आठवडा. तसलं काही निघालं, तर आधी टायर बदला. वाद नंतर घालू.