२१ दिवसांत ७ किलो? भात सोडण्याआधी हा हिशेब वाचा

मुंबईतल्या सोसायट्यांच्या, ऑफिसांच्या, अगदी लोकलच्या डब्यातल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही एक निरोप फिरतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच. भात-पोळी सोडा, आमच्या लो-कार्ब ग्रुपमध्ये या, रोज सकाळी वजनकाट्याचा फोटो टाका. २१ दिवसांत ७ किलो उतरतील आणि शुगरच्या गोळ्या पहिल्याच आठवड्यात सुटतील. भाकरी, साबुदाणा, फळं, तूप हवं तेवढं खा. डोकं दुखलं तर ते शरीरातलं विष बाहेर पडतंय असं समजा.

लो-कार्ब, म्हणजे धान्य-साखरेतली कर्बोदकं कमी केलेला, आहार उपयोगाचा आहे आणि तो सुरू करताना चार माणसांची साथ मिळाली तर तो टिकतो. म्हणूनच या निरोपातली एकेक गोष्ट तपासून पाहायला हवी. त्यातली एक जिवावर बेतू शकते, तिच्यापासून सुरुवात करू.

“गोळ्या पहिल्या आठवड्यात सुटतात”

कर्बोदकं निम्म्यावर आली की जेवणानंतरची साखर त्याच दिवसापासून कमी चढते, हे खरं आहे. त्यामुळेच गोळ्यांचा विचार पहिल्या घासाच्या आधी व्हायला हवा, आणि तो डॉक्टरांनी करायचा. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या ताटात काय आहे हे बघत नाहीत. डोस तोच ठेवून भात-पोळी काढली तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. भरलेल्या लोकलच्या दारात हे झालं तर काय होईल, ते सांगायला नको. अशा वेळी लो-कार्ब बाजूला ठेवायचं, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर मोजायची. उलट, मनानेच सगळ्या गोळ्या थांबवल्या तर साखर चढत राहते आणि काही दिवस ते कळतही नाही.

आपल्याकडे ग्लिमेपिराइड अनेकदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत येतं. “मी फक्त मेटफॉर्मिन घेते” असं सांगणाऱ्या काकूंची स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. दुसरं नाव तिथे असू शकतं. ही स्ट्रिप डॉक्टरांकडे घेऊन जा, नुसतं तोंडी सांगू नका.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचं प्रकरण वेगळं आहे. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना कर्बोदकं फार कमी केली तर रक्तात कीटोन नावाचं आम्ल साचू शकतं, आणि ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेलाही दिसत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं यांपैकी काही दिसलं तर थेट कॅज्युअल्टी गाठा, गोळीचं नाव सांगा आणि कीटोनची तपासणी करायला सांगा. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही पहिले पंधरा दिवस घरी प्रेशर मोजावं. उभं राहताना चक्कर येऊ लागली तर डोस जास्त होतोय.

टाइप १ मधुमेह, गरोदरपण, अंगावर पाजणाऱ्या आया, मूत्रपिंडाचा आजार, स्वादुपिंडाला पूर्वी आलेली सूज, खाण्याशी संबंधित मानसिक आजार आणि १८ वर्षांखालची मुलं: यांच्यापैकी कुणीही ग्रुपच्या भरवशावर हा आहार सुरू करू नये.

“भात-पोळी सोडली की झालं लो-कार्ब”

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, तेही प्रामाणिकपणे. म्हणून ओट्यावरचा काटा काढू. कणकेचा ५० ग्रॅमचा गोळा घेतला तर त्यात साधारण ३० ग्रॅम पीठ असतं आणि सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं. ही झाली एक मध्यम पोळी. आता ज्वारीची भाकरी. एका भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ सहज लागतं, आणि ज्वारी, बाजरी, नाचणी या तिन्ही पिठांतली कर्बोदकं गव्हाच्या जवळपासच आहेत. म्हणजे एक भाकरी ४० ग्रॅमच्या घरात, दोन पोळ्यांइतकी. भाकरीने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, ती जरूर खावी. पण तिची मोजणी “भाकरीच तर आहे” म्हणून सोडून द्यायची नाही.

उपवासाचं ताट याहून अवघड. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममध्ये ८७ ग्रॅमच्या आसपास. खिचडीसाठी ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा भिजवला की ५० ग्रॅमच्या वर कर्बोदकं झाली, वर बटाटा वेगळाच. लो-कार्ब घेणाऱ्याने चतुर्थीला शेंगदाण्याची आमटी, दही, काकडीची खमंग कोशिंबीर आणि थोडी वरी घ्यावी. वरीही धान्यासारखीच आहे, तेव्हा अर्धी वाटी पुरे.

मुंबईतला नेहमीचा दिवस मांडून बघा. साखरेचे तीन चहा ४०, पोहे ४५, दुपारी तीन पोळ्या ६०, वाटीभर भात ३५, गुळाची आमटी १८. संध्याकाळी चार बिस्किटं १६. रात्री दोन पोळ्या, भात, आमटी मिळून ९३. बेरीज ३०० च्या वर जाते, आणि यात वडापाव धरलेलाच नाही.

१३० ग्रॅमच्या खाली आलं की सर्वसाधारणपणे त्याला लो-कार्ब म्हणतात. ५० च्या खाली गेलं की कीटो. निरोप वाचून बरेचजण एकदम ५० वर उडी मारतात. शाकाहारी घरात हे फार काळ चालत नाही, कारण आपली प्रथिनं डाळी-कडधान्यांतून येतात आणि त्यांच्याबरोबर कर्बोदकंही येतात. ३० ग्रॅम कोरड्या मटकीच्या वाटीभर उसळीत ७ ग्रॅम प्रथिनं, तर १६-१७ ग्रॅम कर्बोदकं. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे: नव्याने सुरू करणाऱ्याने १०० ते १३० धरावं.

ते ताट असं दिसतं. सकाळी दोन अंड्यांचं ऑम्लेट किंवा १०० ग्रॅम पनीरची भुर्जी, चहा बिनसाखरेचा. दुपारी एक पोळी, दोन वाट्या भाजी, वाटीभर उसळ, दही. संध्याकाळी मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे. रात्री मासळीचे दोन तुकडे किंवा पनीर, पुन्हा दोन वाट्या भाजी, अर्धी वाटी भात. हे सगळं शंभराच्या आसपास राहतं आणि प्रथिनं ५० ग्रॅमच्या वर जातात. ६० किलो वजनाच्या माणसाला किमान तेवढी लागतातच (किलोमागे ०.८३ ग्रॅम). भाजी म्हणजे भेंडी, दोडका, दुधी, पडवळ, गवार, कोबी, फ्लॉवर, वांगी आणि कुठलीही पालेभाजी. बटाटा, रताळं, सुरण, मका भाजीच्या वाटीत धरायचे नाहीत.

दोन बारीक गोष्टी. सुरमई तळताना लावलेला दोन मोठे चमचे रवा १५ ग्रॅम कर्बोदकं आणतो. हळद-तिखट-आगळ लावून तव्यावर भाजली तर ती शून्य. आणि भेळवाल्याकडे शेजारी-शेजारी मांडलेले शेंगदाणे आणि फुटाणे सारखे नाहीत. तेवढ्याच मूठभर फुटाण्यांत शेंगदाण्यांच्या तिप्पट कर्बोदकं असतात.

“२१ दिवसांत ७ किलो”

यकृत आणि स्नायूंत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते आणि तिचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. कर्बोदकं कमी केली की पहिल्या आठवड्यात हा साठा उतरतो, पाणी लघवीवाटे जातं आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. ती चरबी नसते. गणपतीतले दोन दिवस झाले की हे वजन परत येतं. निरोपावर विश्वास ठेवलेला माणूस तेव्हा खचतो आणि सगळंच सोडून देतो, आणि आम्हाला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

खरा वेग किती? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जाडसर माणसांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमी कर्बोदकांचा आणि निम्म्यांना कमी स्निग्धांशाचा आहार दिला होता. १२ महिन्यांनी पहिल्या गटाचं सरासरी वजन ६ किलोंनी, दुसऱ्याचं ५.३ किलोंनी उतरलं होतं. हा फरक ठोस म्हणावा इतका नव्हता. प्रत्येक गटात काहींचं वजन खूप कमी झालं, तर काहींचं वाढलं. म्हणजे निरोप तीन आठवड्यांत जे देऊ करतो, त्याहून थोडं कमीच सरासरी वर्षभरात मिळालं. लो-कार्ब गटाला सुरुवातीला दिवसाला २० ग्रॅमपर्यंत खाली जायला सांगितलं होतं, मग जेवढं निभेल तेवढं वाढवायला. वर्षअखेरीस या गटाची सरासरी १३० ग्रॅमच्या आसपास होती.

“डोकं दुखतंय म्हणजे विष बाहेर पडतंय”

बाहेर पडतंय ते मीठ. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं सोडियम जास्त टाकतात, आणि दमट मुंबईत घामाची त्यात भर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, गळून जायला होतं. ज्यांना प्रेशर, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास नाही त्यांनी दुपारी ग्लासभर ताकात पाव चमचा मीठ घालून प्यावं आणि आठवडाभर रोजच्या स्वयंपाकातलं मीठ कमी करू नये. “लो सॉल्ट” म्हणून मिळणारं मीठ यासाठी वापरू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड अधू असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी प्रेशरची गोळी चालू असेल तर ते रक्तात साठून हृदयाची लय बिघडवू शकतं. पोट साफ होत नसेल तर भाजीच्या वाट्या मोजा, बहुधा चारऐवजी दोनच भरतील. रात्री दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्या.

“तूप हवं तेवढं”

मोठा चमचाभर तूप म्हणजे १३० कॅलरीच्या आसपास. भूक भागायला एक-दोन चमचे पुरतात. कॉफीत लोणी फेटून पिण्याची गरज नाही. काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं, कोलेस्टेरॉल या आहारात बरंच वाढतं आणि ते बाहेरून दिसत नाही. सुरू करण्याआधी आणि १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन आणि एचबीएवनसी करा. एचबीएवनसी रक्तातल्या साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, २१ व्या दिवशी ते करून पैसे वाया घालवू नका.

“ग्रुपमध्ये रोज वजनाचा फोटो टाका, बाकी आम्ही बघतो”

ग्रुपचं महत्त्व निरोपाने बरोबर ओळखलं आहे. वर सांगितलेल्या अभ्यासातही दोन्ही आहार घेणाऱ्यांच्या वर्षभरात २२ छोट्या गटबैठका झाल्या होत्या. पण २०० जणांच्या ग्रुपवर रोज पडणारा काट्याचा फोटो माणसाला नुसतं घाबरवतो. मीठ, पाणी, पाळी, पोट साफ न होणं एवढ्यावर वजन दिवसागणिक किलोभर इकडे-तिकडे होतं. ज्याचा काटा वर गेला तो त्या दिवशी गप्प बसतो, दुसऱ्या दिवशीही, आणि मग ग्रुप सोडतो.

सहा ते दहा माणसं घ्या. एकाच सोसायटीतली किंवा एकाच ऑफिसातली असली तर उत्तम, कारण आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष बसायचं आहे, पाऊण तास, ठरलेल्या वेळी. पहिल्या बैठकीआधी तीन दिवस काहीही न बदलता, खाल्लेलं सगळं लिहून आणा. बैठकीत एक स्वयंपाकाचा काटा आणि प्रत्येकाच्या घरची वाटी हवी. वाट्या पाण्याने भरून मोजा: कुणाची १२० मिलिलिटरची निघते, कुणाची २००. “एक वाटी भात” या शब्दांत केवढा फरक दडलाय हे तिथल्या तिथे कळतं. गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाने डॉक्टरांना भेटून आल्याचं सांगितल्याशिवाय त्याचा पहिला दिवस धरू नका.

मग पायऱ्यांनी उतरा. पहिल्या आठवड्यात फक्त साखर, बिस्किटं, फरसाण आणि सरबतं बंद. दुसऱ्यात रात्रीचा भात अर्धा. तिसऱ्यात न्याहारी बदलायची. चौथ्यात पोळ्या मोजायच्या. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर. त्याच दिवशी कंबरही मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावून, श्वास सोडल्यावर. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर ती कमी व्हायला हवी. हे आकडे ज्याचे त्याने वहीत लिहावेत, ग्रुपवर टाकायची सक्ती नको.

ग्रुपवर टाकायचे ते ताटाचे फोटो आणि अडचणी. “इराण्याकडे बसलोय, काय मागवू?” याला दोन मिनिटांत “ऑम्लेट, पाव नको, दही घे” असं उत्तर आलं की ग्रुपने आपलं काम केलं. कामं वाटूनही घ्या. एकाने पहाटे दादरहून सगळ्यांचा फ्लॉवर, दुधी, मेथी आणायची; दुसऱ्याने म्हशीच्या दुधाचं पनीर लावायचं, लिटरमागे साधारण २०० ग्रॅम निघतं. १ जूनपासून मासेमारीबंदी लागली की ताजी मासळी कमी होते, मग श्रावण येतो. त्या महिन्यांचं अंडी-पनीर-उसळींचं नियोजन मे महिन्यातच करून ठेवा.

घरात रांधणारी बाई एकच असते आणि तिच्यावर दोन स्वयंपाक पडले की तिसऱ्या आठवड्यात सगळं मोडतं. भाजी, आमटी, उसळ सगळ्यांची एकच ठेवा, फक्त भाजी दुप्पट करा. फरक पडेल तो पोळ्यांच्या संख्येत. डब्याच्या तीन कप्प्यांपैकी दोन भाजी आणि उसळ-अंड्याचे, एक पोळीचा. सात वाजता परतताना दादरच्या पुलाखाली वडापावचा वास येतो तेव्हा पिशवीत शेंगदाण्यांची पुडी हवी, आणि ती फलाटावर पोचण्याआधी उघडलेली हवी.

ज्या ग्रुपचा अॅडमिन दुसऱ्या आठवड्यात शेकच्या पावडरचा डबा विकायला काढतो, तिथून निघा. त्याला तुमची शंका नको असते, ऑर्डर हवी असते.

सणाचं आधी ठरवून ठेवा. उकडीच्या एका मोदकात २५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं असतात. गणेशचतुर्थीला दोन मोदक खायचे असतील तर त्या जेवणात भात-पोळी घेऊ नका. वरण नुसतं वाटीत, बरोबर अळूची भाजी आणि कोशिंबीर. दुसऱ्या दिवशी काट्यावर चढायचं नाही, आठवड्याच्या ठरलेल्या वारीच चढायचं. आणि जो सणानंतर दोन बैठकांना फिरकला नाही त्याला ग्रुपवर टॅग न करता एकाने फोन करावा, किंवा वर-खाली राहत असाल तर दार वाजवावं.