साहेब कुठे आहेत?

देवगिरीचा किल्ला आम्ही दोघांनी मिळून पाहिला आणि तिथेच आमच्या सहलीचे दोन तुकडे झाले. परभणीहून निघताना ‘एकही वास्तू सोडायची नाही’ अशी प्रतिज्ञा करणाऱ्या आमच्या यांनी अंधारी या काळोख्या भुयारी वाटेच्या तोंडाशी बसकण मारली आणि ‘शत्रूला दमवण्यासाठीच बांधलेला किल्ला आहे, तो त्याचे काम चोख करतो आहे’ असा निष्कर्ष काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. “तू फिरून ये, मी जरा पडतो,” एवढे बोलून त्यांनी लॉजची चादर तोंडावर ओढली आणि छत्रपती संभाजीनगर पाहण्याची जबाबदारी एकट्या माझ्यावर आली.

तीस वर्षांच्या संसाराने जिभेला लावलेली एक खोड मला पहिल्याच रिक्षात भोवली. “आम्हाला बीबी का मकबऱ्याला जायचंय,” असे म्हणून मी आत बसले. रिक्षावाले काका हँडलवर हात ठेवून शांतपणे रस्त्याकडे पाहत राहिले. मीही बसून राहिले. दोन मिनिटांनी त्यांनी मागे वळून विचारले, “साहेब येऊ लागले ना?” साहेब झोपले आहेत, असे मी सरळपणाने सांगितले. त्यांनी आरशातून माझ्याकडे असे काही पाहिले, की वटसावित्रीच्या दिवशी सुद्धा मला कोणी इतक्या कळवळ्याने पाहिले नसेल. भडकल दरवाजा येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. १६१० साली मलिक अंबरने हे शहर वसवले आणि त्यानंतर दोनच वर्षांत हा दरवाजा उभारला, ही घरून पाठ करून आणलेली माहिती मी मनातल्या मनात घोळवत असतानाच ते हळूच म्हणाले, “ताई, भांडणं सगळ्यांच्याच घरी होतेत.”

मकबऱ्याच्या खिडकीवर मी काही बोलायच्या आधीच “दोन ना?” असा प्रश्न आला. आत फोटोवाला टपलेलाच होता. “भाभी, साब को आने दो, जोडी का फोटू अच्छा आता,” असे म्हणत त्याने मला पाण्याच्या हौदाजवळ उभे केले आणि माझ्या डाव्या बाजूला एका माणसाची जागा राखून ठेवली. साहेब येणार नाहीत हे कळल्यावर त्याने कॅमेरा खाली घेतला. एकट्या बाईचा फोटो काढण्याइतका पडता काळ त्याच्यावर अजून आला नसावा.

एक मात्र कबूल केले पाहिजे. हे माझ्याबरोबर असते, तर इतक्या सावकाशीने मकबरा पाहणे मला जमलेच नसते. ‘गरिबांचा ताजमहाल’ म्हणून लोक त्याला नाक मुरडतात. पण संगमरवर मोजकाच वापरून बाकीच्या भिंती चुन्याच्या गिलाव्याने इतक्या देखण्या करणाऱ्या कारागिरांबद्दल मला, काटकसरीत संसार केलेल्या बाईला, अतोनात आपुलकी वाटली. बांधकामाचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाला, असे सांगतात. बादशाही कारभारातले सात आणे हिशेबात सापडतात आणि आमच्या घरात शंभराची नोट कुठे गेली हे संध्याकाळपर्यंत कोणालाच आठवत नाही!

औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही वास्तू तिचा मुलगा आजमशहा याने बांधली, असे सर्रास सांगितले जाते. मात्र आजमचा जन्म १६५३ चा आणि बेगम वारली १६५७ मध्ये, म्हणजे आई गेली तेव्हा पोरगा चार वर्षांचा होता. काम काढले बापाने आणि नाव झाले मुलाचे. हा प्रकार कोणत्या घरात चालत नाही? वरून जाळीतून खालची कबर पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. बेगम इथे एकटी आहे आणि तिचे यजमान पंचवीसेक किलोमीटरवर खुलताबादला, उघड्या आभाळाखालच्या साध्या कबरीत आहेत. तिला मात्र ‘साहेब कुठे आहेत’ असे कोणी विचारत नाही.

पाणचक्कीपर्यंत माझा धीर सुटला होता. हर्सूलकडून मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंचावरून पाडून त्याच्या जोरावर फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी इथे पीठ दळले जाई. मोठ्या हौदाच्या काठी वडाच्या सावलीत बसून मी बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याकडे पाहत होते. ज्यांच्या नावातच मुसाफिर आहे, त्यांच्या दारात तरी एकट्या प्रवाशाला कोणी हटकणार नाही, अशी माझी समजूत होती. तेवढ्यात शेजारी बांगड्यांची टोपली घेऊन बसलेल्या आजींनी विचारले, “मालक नाही आले, बाई?”

“पाय मोडलाय त्यांचा,” मी म्हणाले. “उजवा.”

काय परिणाम झाला म्हणून सांगू! आजींनी चुकचुकत सरकून जागा दिली, पाणी दिले, ‘नवरा अंथरुणाला खिळलेला असून बाई धीराची आहे’ असे पलीकडच्या दोघींना सांगितले. सकाळपासून खऱ्याने जे साधले नव्हते, ते दोन वाक्यांत साधले. पुढे चहाच्या टपरीवर मी त्या पायाला प्लास्टर घातले आणि शहागंजच्या घड्याळापाशी पोहोचेपर्यंत आत सळईही बसवली. दिवसभरासाठी ठरवलेले रिक्षावाले काका हे सगळे ऐकत होते, याचे भान मला राहिले नाही.

संध्याकाळी त्यांनी लॉजच्या अलीकडे रिक्षा थांबवली, डझनभर मोसंबी घेतली आणि पैसे देऊ केले तर हात जोडले. “सकाळी मी भलतंच समजलो, ताई. साहेबांना भेटल्याशिवाय जात नसतो आता.”

लॉजच्या पायरीवर साहेब उभे होते. एका हातात मिरचीभज्यांचा कागद होता आणि दुसऱ्या हाताने ते मॅनेजरला कोणता तरी चौकार कसा मारायला हवा होता ते वाकून, पाय पुढे टाकून, दाखवत होते. काका मोसंबी घेऊन जागच्या जागी थबकले. मी त्यांच्या पाठीआडून माझ्या पायाकडे बोट दाखवले, डोळे मोठे केले, कपाळाला हात लावला. तीस वर्षांचा संसार काही वाया गेलेला नव्हता. यांना क्षणात सगळे उमगले. त्यांनी भजी मॅनेजरच्या हातात दिली, भिंतीचा आधार घेतला, चेहरा वेदनेने पिळवटला आणि कण्हत कण्हत, लंगडत ते आमच्याकडे येऊ लागले.

डाव्या पायाने.