शुगरवाले पाव्हणे

“ओ आण्णा, हिकडं एक शुगर हाय!”

हे माझ्याबद्दल होतं. गेल्या रविवारी, कोल्हापूरजवळच्या एका कार्यालयात, दुसऱ्या पंगतीत. जिलबीवाल्या पोराच्या कानाशी लागून मी पुटपुटलो होतो, “नको रे, जरा पथ्य आहे.” त्याचं त्याने हे एवढं केलं. ‘एका पाव्हण्यांना शुगर आहे’ असंही नाही. एक शुगर. हॉटेलात ‘तीन नंबरला एक मिसळ’ म्हणतात तसं.

बायकोच्या चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. गोड न खाणाऱ्या माणसाने ज्या समारंभाच्या नावातच साखर आहे तिथे जेवायला बसू नये, हे मला आता कळलंय. पण मुळात मला शुगर नाही. तीन महिन्यांपूर्वी साखरेच्या रक्ततपासणीत एचबीएवनसी ६.२ आलं. ५.७ च्या आत असलात तर तुम्ही शहाणे, ६.५ पासून पुढे मधुमेही. मी मधल्या जिन्यात उभा आहे. डॉक्टर म्हणाले, साखर बंद, भात-पोळी निम्म्यावर. म्हणजे माझी शुगर भविष्यकाळातली आहे. पण हा व्याकरणाचा मुद्दा भरल्या पंगतीत कुणाला समजावणार?

आण्णा आले. नवऱ्या मुलाचे मामा. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, हातात जिलब्यांचं ताट.

“कुणाला हाय शुगर?”

पोराने माझ्याकडे चिमटा रोखला.

“किती हाय?”

पगार विचारावा तसं विचारलं. आजूबाजूचे घास थांबले. मी म्हटलं, “सहा पॉइंट दोन.”

“सहा?” आण्णांनी ताट टेबलावर ठेवलं. हसायला दोन्ही हात मोकळे लागतात अशी त्यांची पद्धत असावी. “आवो, आमच्या थोरल्याची चारशे हाय. चारशे! परवा चार पोळ्या हाणल्या त्यानं पुरणाच्या. आन् तुमी सहाला भेताय?”

“ती वेगळी हो. ती त्या घटकेची. ही तीन महिन्यांची सरासरी. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना साखर किती चिकटली ते मोजतात. तांबड्या पेशी...”

“तांबडा उद्या हाय,” आण्णा म्हणाले. “आज समदं शाकाहारी.”

इथे मला खरंच वाईट वाटलं. कारण तांबडा, पांढरा आणि ताटभर सुकं मटण हे माझ्या पथ्यात चोख बसतं. पिष्ट नाही, साखर नाही. जगातल्या मोजक्या गावांत लो-कार्ब माणूस राजासारखा जेवू शकतो, त्यातलं हे एक. आणि मी तिथे जाऊन मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी आणि जिलबी यांच्या मधोमध काकडीची कोशिंबीर चघळत बसलो होतो.

“आसं करा,” आण्णांनी शेजारची खुर्ची ओढली. चाळीस पानं वाढायची राहिली होती, पण आण्णा बसले. “साखर सोडा. बेस केलं. गूळ खावा. गुळानं शुगर हुत न्हाई.”

मी गप्प बसायला हवं होतं.

“आण्णा, गुळात साखरच असते.”

पंगतीत शांतता पसरली. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. आण्णांचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे, हे तिला माहीत होतं. मला त्या क्षणी कळलं.

मग आण्णांनी मला गूळ शिकवला. जिलबीचं ताट ही काहील, मठ्ठ्याचा जग हे चुलवाण, आणि माझी कोशिंबिरीची वाटी ही बहुधा मळी. रस उकळायला लागला की भेंडीच्या झाडाचा चीक घालायचा, घाण वर येते, ती झाऱ्यानं काढायची. पाक कधी उतरवायचा हे गुळव्याला नजरेनं कळतं, त्याला मशीन लागत नाही. एक घटका उशीर झाला की गूळ काळा. हे सांगताना आण्णांचा हात त्या जिलब्यांवरून असा फिरत होता की मला खरोखर उसाची वाफ लागली. माणूस आपल्या कामात पक्का होता, ते कबूल.

“आता मला सांगा, ह्यात साखर घातली कुटं?”

“घालावी लागत नाही. उसातच असते. शंभर ग्रॅम गुळात पंच्याऐंशीच्या आसपास साखरच. थोडं लोह असतं, पण त्यासाठी...”

“उसात कुणी घातली?”

“...निसर्गानं.”

“हां! देवानं घातल्याली बाधत न्हाई. कारखान्यातली बाधती.”

यावर उत्तर नसतं. म्हणजे असतं, पण ते ऐकायला समोर माणूस लागतो. इकडे समोरच्या काकू मेथ्या भिजवायला लागल्या होत्या, आणि एका गृहस्थांनी “भाकरी कितीबी चालती” असा निकाल दिला. चालते, मोजून. शंभर ग्रॅम ज्वारीत ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हातही जवळपास तेवढीच. भाकरी गरीब दिसते म्हणून रक्तात गेल्यावरही गरिबासारखी वागत नाही.

साखर-पिष्ट सोडायचं हे पथ्य काही आजचं नाही. १८६२ साली लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या एका लठ्ठ गृहस्थाने डॉक्टरच्या सांगण्यावरून पाव, साखर, बटाटे, बिअर सोडली, वजन उतरवलं आणि १८६३ मध्ये स्वतःच्या खर्चाने त्यावर पत्रक छापून वाटलं. धंदा काय, तर अंत्ययात्रेची व्यवस्था. स्वतःचं गिऱ्हाईक घटवणारा असा दुसरा व्यापारी माझ्या ऐकिवात नाही. पुढे १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लावणाराही बँटिंगच निघाला, फ्रेडरिक. त्याचा वाढदिवस, १४ नोव्हेंबर, हा जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे त्या दिवशी बालदिन म्हणून शाळेत पोरांना चॉकलेटं वाटतात.

असो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा २०२३ चा आकडा आहे, देशात दहा कोटींवर मधुमेही आणि १३.६ कोटी माझ्यासारखे जिन्यात उभे. एवढी मोठी पंगत, तरी प्रत्येक कार्यालयात आपण एकटेच.

दारू नको म्हटलं की लोक ‘वा!’ म्हणतात. सिगरेट सोडली की पाठ थोपटतात. जिलबी नको म्हटलं की तुम्ही मुलीच्या बापाचा अपमान केलेला असतो. माझे वडील भिडस्त होते. सकाळी गोळी, दुपारी कुणाच्या तरी आग्रहाचं श्रीखंड. “एवढ्यानं काय होतंय” हे वाक्य मी त्यांच्या पानाशेजारी बसून वीस वर्षं ऐकलं. पायाची संवेदना गेली होती. चपलेचा खिळा तीन दिवस टोचत होता ते त्यांना कळलंच नाही. अंगठा काढला तेव्हा आग्रह करणारे भेटायला आले होते, येताना पेढे घेऊन. मी आण्णांना हे सांगणार होतो. पण साखरपुडा होता.

शिवाय तोवर आण्णा उठले होते. “पोरीच्या कार्यात पान गोडाबिगर उठू ने,” म्हणाले, आणि दोन जिलब्या घातल्या. वाढल्या नाहीत, घातल्या. पाक वाहत जाऊन कोशिंबिरीत शिरला, म्हणजे जे एक खाण्याजोगं होतं तेही गेलं.

एक जिलबी मी खाल्ली. भिडेपोटी असं घरी सांगितलंय. ती कडेला कुरकुरीत होती.

निघताना सगळ्या पाव्हण्यांना पिशव्या मिळाल्या. कुणाची कुठली ते कळावं म्हणून वर स्केचपेनने नावं. माझी दोन्ही हातांनी उचलावी लागली, आत पाच किलोची गुळाची ढेप. वर लिहिलेलं: ‘शुगरवाले पाव्हणे, पुणे’. आण्णांनी स्वतः डिकीत ठेवली. “सकाळी अनुशापोटी खडा खावा,” म्हणाले. “आन् मग करा तुमची ती टेस्ट.”

रात्री सोसायटीत पोचलो तेव्हा लिफ्ट बंद. चार जिने ती ढेप चढवणं शक्य नव्हतं, म्हणून पिशवी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली. सकाळी आणायला गेलो तर तो पिशवीवरचं नाव वाचत बसला होता.

“साहेब, तुम्हाला शुगर आहे होय?”

“नाही. होऊ शकते.”

“माझ्या मेव्हण्याला आहे,” तो पिशवी माझ्या हातात देत म्हणाला. “त्याला गूळ चालतो.”