‘आलेख खोटं बोलत नाही’ म्हणे!

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो: ‘आकडे फसवतात, आलेख फसवत नाही.’ जोडीला सहा-सात कारणं, खाली लाल रंगाचे उतरते स्तंभ, आणि शेवटी ‘बघा आणि स्वतःच ठरवा’. विषय पाऊस असो, मासळी असो, आंबा असो की उधाण, साचा तोच. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण आलेख आपोआप उगवत नाही. अक्ष कुठून सुरू करायचा, कुठल्या केंद्राचा आकडा घ्यायचा, दिवस कधीपासून कधीपर्यंत मोजायचा, मधली रिकामी जागा कशी दाखवायची, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि गडबड होते ती तिथेच. म्हणून त्यातली विधानं एकेक करून घेऊ.

‘आलेखात आकडा जसाच्या तसा दिसतो’

समजा, एका हंगामात ३२०० मिमी पाऊस झाला आणि पुढच्या हंगामात २९००. उभा अक्ष २८०० पासून सुरू केला की पहिला स्तंभ ४०० चा उरतो, दुसरा १०० चा. बघणाऱ्याला वाटतं, पाऊस पाव हिश्श्यावर आला. प्रत्यक्षात घट साडेनऊ टक्क्यांहूनही कमी. हवामान खातं सरासरीच्या १९ टक्के वर किंवा खाली गेलेला हंगामही ‘सामान्य’ धरतं. कोकण-गोवा विभागाची जून ते सप्टेंबरची सरासरी २९०० मिमीच्या आसपास आहे. म्हणजे या दोन्ही हंगामांत खात्याच्या लेखी काही विशेष घडलंच नाही.

स्तंभात डोळा लांबी मोजतो, म्हणून स्तंभालेखाला शून्य हवंच. पण यावरून ‘शून्यापासून सुरू नसलेला प्रत्येक आलेख लबाड’ असा दुसरा उपदेश निघाला आहे, तोही चूक. किनाऱ्यावरचं कमाल तापमान वर्षभरात काही थोड्या अंशांतच वर-खाली होतं. ते शून्यापासून काढलं तर रेषा सपाट होते आणि जे बघायचं तेच नाहीसं होतं. रेषालेखात आपण चढ-उतार वाचतो, लांबी नाही. तिथे अक्ष २० पासून सुरू झाला तरी चालेल, मात्र तसं स्पष्ट लिहा.

शून्य नेमकं कशाचं, हेही विचारावं लागतं. मुंबईच्या भरतीच्या आलेखात ४.८ मीटरचा आकडा दिसला की ‘आज ४.८ मीटरच्या लाटा उसळणार’ अशी बातमी पसरते. ती लाटेची उंची नव्हेच. भरतीच्या तक्त्यातलं शून्य खोल ओहोटीच्या पातळीजवळ धरलेलं असतं. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ चं उधाण सरासरी पातळीच्या वर सव्वादोन मीटर आणि थोडं. लाटा त्यावर निराळ्या, त्या वाऱ्यावर ठरतात आणि भरतीच्या आलेखात नसतातच.

‘चित्र एक, अर्थ एक’

२६ जुलै २००५ चंच घ्या. सांताक्रूझच्या केंद्रावर २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत, त्याच शहरात, कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा भरला नाही. ‘मुंबईचा पाऊस’ म्हणून कुलाब्याचा आलेख काढलात तर प्रलय झालाच नाही. सांताक्रूझचा काढलात तर त्या हंगामातले बाकीचे सगळे स्तंभ त्याच्यापुढे खुजे. दोन्ही आलेख खरे, आणि केंद्राचं नाव न लिहिता पाठवले तर दोन्ही दिशाभूल करणारे. कोकणात हा फरक पदोपदी आहे. घाटमाथ्यावरच्या आंबोलीचा पाऊस खालच्या किनाऱ्याच्या दुपटीच्या घरात जातो. त्यामुळे ‘सिंधुदुर्गाचा पाऊस’ या एका रेषेत कुठली केंद्रं मिसळली आहेत, आणि ती दरवर्षी तीच आहेत का, हे पाहिल्याशिवाय ती वाचण्यात अर्थ नाही. एखाद्या वर्षी घाटावरचं केंद्र बंद राहिलं तर जिल्ह्याचा पाऊस आकाशात नाही, हिशेबात घटतो.

तारखेची भानगड याहून फसवी. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल साडेआठ ते आज साडेआठ एवढा पाऊस आजच्या तारखेवर चढतो. त्यामुळे २६ जुलैच्या दुपारी कोसळलेले ते ९४४ मिमी खात्याच्या नोंदीत २७ तारखेला आहेत. भरतीच्या वेळा मात्र घड्याळाप्रमाणे, मध्यरात्र ते मध्यरात्र. ‘पूर आला तेव्हा भरती होती का’ हे बघायला दोन्ही एकाच अक्षावर टाकले की एक दिवसाची घसरण ठरलेली. घरच्या पर्जन्यमापकाची नोंदही रोज साडेआठलाच घ्या आणि आलेखाखाली ‘सकाळी ८.३० पर्यंतचे २४ तास’ असं लिहा.

शिवाय आठवड्याचा एकच स्तंभ काढला तर ३०० मिमी रोज ४३ च्या हिशेबाने पडला की एकाच दिवसात, हे कळत नाही. पहिला पाऊस भाताला मानवतो. दुसरा ‘अत्यंत मुसळधार’, कारण खात्याची ती रेघ २०४.५ मिमीवर आहे, आणि तो बांध फोडून जातो.

‘रेषा खाली गेली म्हणजे घट झाली’

मासळीच्या महिनावार आलेखात जून-जुलैला रेषा तळाला गेलेली दाखवतात आणि वर लिहितात, ‘समुद्र रिकामा झाला’. अहो, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते! नौकाच बाहेर पडल्या नाहीत तर बंदरावर मासळी उतरणार कुठून? त्या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांच्या आकड्यांपुढे शून्य लिहिणं म्हणजे ‘गेलो आणि मिळालं नाही’ असं सांगणं. संगणकाच्या तक्त्यातली ती चौकट (सेल) रिकामी ठेवून मे आणि ऑगस्टचे बिंदू सरळ जोडले तर उलटी चूक: बंदीतही मासळी उतरत होती, असं चित्र. बरोबर रीत अशी की रेषा तोडायची, दोन महिन्यांचा पट्टा करडा करायचा आणि त्यावर ‘बंदी’ लिहायचं. आणि नुसते टन पुरेसे नाहीत. वाऱ्यामुळे महिनाभर नौका किनाऱ्याला बांधून राहिल्या तरी टन घटतात. टनांना फेऱ्यांच्या संख्येने भागून दर फेरीला किती किलो, ती रेषा काढा. घट मासळीची की फेऱ्यांची, ते निदान तिथे उलगडायला लागतं.

दोन बिंदू पट्टीने जोडण्याची खोड भरतीतही नडते. ओहोटी आणि भरती या दोनच वेळा घेऊन मधे सरळ रेघ मारली, तर ३.६ मीटर चढणाऱ्या पाण्याबद्दल पहिल्या तासात ०.६ मीटर चढलं असं वाचलं जातं. पण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशेब बाराव्या हिश्शांचा आहे: सहा तासांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ हिस्से. म्हणजे पहिल्या तासात ०.३ मीटर. खाडीच्या मुखावरच्या वाळूच्या दांड्यावरून होडी काढणाऱ्याला एक फूट पाणी कमी-जास्त म्हणजे काय, ते सांगायला नको.

‘दोन रेषा जोडीने हलल्या की संबंध सिद्ध’

डाव्या अक्षावर तापमान, उजव्या अक्षावर हापूसच्या पेटीचा भाव. मार्च ते मे एक रेषा चढते, दुसरी उतरते; निष्कर्ष तयार. पण मार्चमध्ये आवक थोडी म्हणून भाव चढा आणि मेमध्ये आवक भरपूर म्हणून उतरलेला, हे दरसालचं आहे. त्या काळात वाढणारी कुठलीही गोष्ट भावाशेजारी ठेवा, जुळेल. चाकरमान्यांच्या गाड्यासुद्धा. शिवाय दोन उभे अक्ष असले की दोघांची मापं हवी तशी ताणून रेषा पाहिजे तिथे एकमेकींना छेदवता येतात. आणि पेटी किती डझनांची? मोठ्या फळाची चार डझनांत भरते, बारीक फळाची सात-आठ डझनांत. तेव्हा एकाच वजनगटाच्या फळाचा डझनाचा भाव घ्या आणि यंदाचा एप्रिलचा दुसरा आठवडा गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा.

संबंधच तपासायचा तर दोन रेषा सोडा आणि बिंदूंचा आलेख काढा. आडव्या अक्षावर डिसेंबर ते फेब्रुवारीचा अवकाळी पाऊस, उभ्यावर त्याच बागेचं उत्पन्न, दर वर्षाला एक बिंदू, बिंदूशेजारी साल. हापूस एका वर्षाआड भरून येतो, म्हणून भराची वर्षं एका रंगात, रिकामी दुसऱ्या रंगात. हे रंग वेगळे केले नाहीत तर झाडाची सवय पावसाच्या खात्यावर जमा होईल.

‘सरासरी लपवते, आलेख दाखवतो’

हे मात्र खरं. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲन्सकोम यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच मांडले. चारही संचांत एका राशीची सरासरी ९, दुसरीची सुमारे ७.५, सहसंबंध (दोन राशी किती जोडीने हलतात त्याचं माप) ०.८१६ च्या आसपास. आलेख काढला की एक सरळ रेषेभोवतीचा, एक वक्र, एकात एकच बिंदू भरकटलेला, आणि चौथ्यात एका एकट्या बिंदूने सगळा संबंध उभा केलेला. आलेख काढायलाच हवा, यात वाद नाही. आकड्यांचा तक्ता त्यासोबत पाठवायला काय हरकत आहे, एवढंच विचारणं आहे.

‘वृत्तालेख सगळ्यांना कळतो’

वर्तुळाच्या फाका करून हिस्से दाखवणारा हा आलेख तीन फाकांपर्यंत कळतो. बांगडा, तारली, सुरमई, कोळंबी, बोंबील, पापलेट अशा सहा-सात रंगीत फाका झाल्या की १४ टक्के मोठे की १६, हे कोन बघून कुणालाही सांगता येत नाही. आडव्या पट्ट्या काढा, मोठी वर, लहान खाली.

‘आकडे एक्सेलला द्या, बाकीचं ते बघतं’

संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल तर १/७ म्हणजे त्याला ७ जानेवारी, २/७ म्हणजे ७ फेब्रुवारी. १ ते १२ जुलैचा पाऊस जानेवारी ते डिसेंबरच्या प्रत्येक सात तारखेला जाऊन बसतो. १३/७ पासून पुढच्या, सालासकट लिहिलेल्या तारखा त्याला कळतच नाहीत. तो त्या नुसता मजकूर म्हणून ठेवतो आणि त्यांचे स्तंभ तारखांच्या अक्षावर जागेवर येत नाहीत. आलेखात ऐन उन्हाळ्यात, ७ एप्रिलला, दीडशे मिमीचा स्तंभ दिसला तर ढगफुटी शोधण्याआधी तारखांचा रकाना बघा. आपण होऊन काही बदल केला नसेल तर खऱ्या तारखा सेलच्या उजव्या कडेला चिकटतात, मजकूर डावीकडे. रकान्यात दोन्ही दिसले की ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये जाऊन तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष निवडण्याने काम भागणार नाही, कारण आधीच उलटलेल्या तारखा त्याने सरळ होत नाहीत. तो रकाना पुसा, आधी सेलचं स्वरूप ‘टेक्स्ट’ करा, मूळ वहीतल्या तारखा पुन्हा भरा, आणि मग क्रम निवडा.