भावनांचं शिक्षण घरी की शाळेत? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग-रुसवे आवरायला शिकवणं हे आईवडिलांचं काम, शाळेनं भाषा-गणित धड शिकवावं, आधीच पोर्शन संपत नाही त्यात शाळेत भावनांच्या शिक्षणाचं हे खूळ कशाला, असं तुमचं म्हणणं आहे. शिवाय उद्या भावनांनाही मार्क देणार का, असा प्रश्न.

पोर्शन संपत नाही हे खरंच आहे. मी स्वतः शिकवते, त्यामुळे ती घाई मला माहीत आहे. पण पाचवीच्या वर्गातला एक प्रसंग सांगते. एक मुलगा फळ्यापाशी उभा होता, गणित साध्या गुणाकाराचं. सात आठे छप्पन्न तो एरवी झोपेतही म्हणाला असता. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि तो थिजला. बोटांत खडूचा चुरा होत राहिला, फळा कोराच. पाढा तो विसरला नव्हता. भीतीनंच डोकं इतकं व्यापलं की आकडे धरायला जागा उरली नाही.

आता हे घरी कसं शिकवणार? चाळीस जणांसमोर चुकण्याची वेळ घरात येतच नाही. दुसऱ्याच्या चुकीवर हसू आवरण्याचीही नाही. ती वर्गातच येते, म्हणून ते शिकणंही तिथेच व्हायला हवं. घरचे संस्कार लागतातच, त्याबद्दल वाद नाही.

वेळ वाया जातो, असंही दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी 2011 साली भावना ओळखायला-आवरायला आणि एकमेकांशी नीट वागायला शिकवणाऱ्या (म्हणजे सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या) 213 शालेय कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासले, विद्यार्थी 2 लाख 70 हजारांवर. वागणूक सुधारली, आणि अभ्यासातली कामगिरीही सरासरी 11 पर्सेंटाइलनी, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत साधारण 11 जागांनी, वर गेली. तेही वर्गातल्या नेहमीच्या शिक्षकांनी शिकवून. मात्र जिथे अंमलबजावणीत गोंधळ होता तिथे फायदा कमी दिसला.

म्हणून 'खूळ' हा तुमचा शब्द मी सगळाच खोडत नाही. ब्रिटनमध्ये 8 हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या 'मिरियाड' चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. माइंडफुलनेसचे, म्हणजे शांत बसून आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचे, धडे तिथल्या नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा सरस ठरले नाहीत. नवं काही आलं की सगळ्या वर्गांना डोळे मिटून बसवायचं, हे मलाही नको आहे.

आणि मार्क? अजिबात नकोत. मार्क ठेवले की मूल खरं बोलायचं थांबेल, 'मला राग आला' ऐवजी बाईंना आवडेल तेच लिहील. या एका बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे.