कालवं फोडणारे हात

हिरोशिमा म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना बॉम्बच आठवतो, पण मी इथे सहा वर्षं राहतेय आणि मला आधी आठवतात ती कालवं, म्हणजे ऑयस्टर. हो, आपली कोकणातली कालवंच, पण अंगाने चांगली भरलेली. जपानात पिकणाऱ्या कालवांपैकी साधारण 60 टक्के या एका प्रांतातली. डोंगरातून ओता नदी येते, येताना जंगलातलं सत्त्व घेऊन येते, त्यावर खाडीत प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वाढतं आणि ते खाऊन कालवं पोसतात. बांबूचे तराफे, त्याखाली तारेत ओवलेल्या स्कॅलप नावाच्या दुसऱ्या शिंपल्याच्या शिंपा आणि त्यांना चिकटलेली कालवांची पिल्लं, म्हणजे पाण्यात उलटं टांगलेलं शेतच!

मागच्या हिवाळ्यात ओळखीच्या एकांच्या कालवं फोडायच्या शेडवर पहाटे गेले होते. ओळीने बसलेल्या बहुतेक मुली व्हिएतनाम आणि फिलिपिन्सच्या, गावातल्या म्हणाल तर फक्त दोन आजी, दोघी सत्तरीच्या पुढच्या. गावातली तरुण पोरं शहरात गेली, आता ही शेड या मुलींवर चालते. माझ्या शेजारची मुलगी शिंप हातात घ्यायची, कडेतून टोकदार सुरी आत सरकवायची, दोन्ही शिंपा धरून ठेवणारा स्नायू कापायची की अख्खं कालव न फाटता बाहेर. मी एक नीट बघेपर्यंत तिची तीन झालेली. हातमोजा काढला तर बोटांवर बारीक बारीक काप. माझ्या आजीचे हात असेच होते, ओहोटीला खडपावर जायची ना कालवं काढायला. पण आजी संध्याकाळी घरी यायची, आम्ही दारात वाट बघत असायचो.

हिचा मुलगा सहा वर्षांचा आहे, तिकडे तिच्या आईकडे. ही आली तेव्हा दोन वर्षांचा होता.

1993 पासून इथे 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' म्हणून माणसं आणतात, नाव शिकण्याचं आणि काम मजुराचं, सहसा मालक बदलता येत नाही, कुटुंब आणता येत नाही. 2024 मध्ये नवा कायदा झाला, 2027 पासून लागू होणार, त्यात एक-दोन वर्षांनी काही अटींवर मालक बदलता येईल. हे चांगलंच आहे, पण कुटुंबाचं काय? पाकिटावर 'हिरोशिमा' छापता, मग ते ज्यांच्या हातून भरतं त्यांना हिरोशिमात पोराबाळांसकट राहू द्या की! 2025 च्या शरदात इथे कालवं ढिगाने मेली, समुद्र तापला, पाऊस कमी पडला म्हणून पाणी खारट झालं असं सांगतात, तराफा वर ओढला की कित्येक शिंपा उघड्या आणि रिकाम्या. तेव्हाही मेलेल्यातून जिवंत निवडत याच मुली बसल्या होत्या.

2023 पासून मासेमारी आणि मत्स्यशेतीतही वरच्या दर्जाचा व्हिसा मिळू शकतो, त्यावर नवरा आणि मुलं आणता येतात. त्यासाठी कामाची परीक्षा पास व्हावी लागते आणि जपानी भाषेची एन3 ही मधल्या पातळीची परीक्षा पण. सुट्टी झाली तशी ती पालथ्या बादलीवर बसली आणि पिशवीतून एन3 चं पुस्तक काढलं, पानं दमट होऊन फुगलेली. एका वाक्यावर बोट ठेवून मला अर्थ विचारला, मलाही धड सांगता येईना, शेवटी पलीकडच्या आजी सुरी खाली ठेवून आल्या आणि तिला समजावत बसल्या.